रीठ की शिळावर्तुळ?

गावाबाहेर ई-क्लासात, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीत, उंचवटा दिसला की आपल्याकडे त्याला सरसकट रीठ म्हणतात. 'जुनं गाव होतं जी इथं.' बऱ्याचदा खरंही असतं. पण नागपूर-वर्ध्याकडे काही उंचवट्यांवर कधीच कुणी राहिलं नाही. ती शिळावर्तुळं, तिथं माणसं पुरलेली आहेत.

रीठ ओळखायला माती पुरते. कित्येक पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून ती भुरकी होते, म्हणून पांढरी. भोवती काळी, मधोमध पांढरी. पाऊस झाला की खापरं वर येतात. जवळ नदी नाहीतर नाला असायचाच.

शिळावर्तुळात पांढरी नसते. ते बहुधा पेरणीला नालायक अशा मुरमाड माळावर असतं. मोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत गोटे आणि मुरूम भरल्याने आलेला हलका फुगवटा. अर्धे धोंडे जमिनीत बुडालेले असल्यामुळे जवळून गोल ध्यानातच येत नाही. उन्हं कलल्यावर जरा लांबून बघावं. ही वर्तुळं सहसा एकटी नसतात. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीला तीनेकशे आहेत. तिथल्या काही धोंड्यांवर ओळीनं बारीक खळगे कोरलेत. कुणी त्यात ताऱ्यांच्या दिशा शोधतं. मला ते अजून पटलेलं नाही.

आत गुप्तधन असतं, ही समजूत मात्र चिवट. निघतात ती काळी-तांबडी मडकी, गंजलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, मणी. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर तांब्याच्या साजासकट घोडा निघाला. हे सगळं साधारण 2500 वर्षांपूर्वीचं.

घोटाळा होतो, कारण दोन्ही एकाच लोकांची असू शकतात. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1968-69 मध्ये नागपूर जिल्ह्यातलं टाकळघाट-खापा खणलं: टाकळघाटला वस्ती, खाप्याला वर्तुळं. म्हणजे रीठ सापडलं तर आसपासचा माळही बघावा.

रिठाची पांढरी माती घरं सारवायला नेली तरी खाली थर उरतात. वर्तुळातला धोंडा हलला की मांडणीच गेली. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरांत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. बाकीच्या माळांवर असलं काही नाही, आणि मुरूम उचलायला आलेल्या जेसीबीवाल्याला ते सगळे धोंडे बांधावर टाकलेले वाटतात.