युगांडातल्या शेतकऱ्याला झाडांच्या कार्बनचे पैसे कसे मिळतात: पात्रता, कागदपत्रे आणि हप्ते

‘ट्रीज फॉर ग्लोबल बेनिफिट’ ही योजना युगांडात २००३ पासून चालू आहे. इकोट्रस्ट ही युगांडातली संस्था ती चालवते आणि प्लॅन विवो या मानकाखाली तिची कार्बन प्रमाणपत्रे, म्हणजे झाडे शोषतील त्या कार्बनचे दाखले, परदेशी कंपन्यांना व व्यक्तींना विकली जातात. बुशेन्यी, रुबिरिझी, कासेसे, होइमा, मासिंदी हे पश्चिमेकडचे जिल्हे आणि पूर्वेला माउंट एल्गॉनचे उतार इथले छोटे शेतकरी स्वतःच्या रानात देशी झाडे लावतात आणि त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने घेतात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्यांना ही प्रक्रिया माहीत हवीच. पण जे आपल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून अशा योजनांना पैसे भरतात, आणि महाराष्ट्रात ज्यांच्यापुढे आता असेच करार सहीसाठी येऊ लागले आहेत, त्यांनीही ती बारकाईने समजून घ्यावी.

कोण अर्ज करू शकतो

अर्जदार सज्ञान असावा, जमीन त्याच्या ताब्यात असावी आणि त्या जमिनीवर वाद नसावा. जंगल तोडून मोकळी केलेली जागा चालत नाही. आधीच पडीक, चराऊ किंवा पिकाखाली असलेली जमीन लागते. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: झाडांचा तुकडा वेगळा काढल्यावर घराला पुरेल एवढे धान्य पिकवायला उरलेली जमीन पुरली पाहिजे.

ही शेवटची अट कागदावर सहज भरली जाते आणि नंतर तीच सर्वाधिक छळते. पहिल्या तीन-चार वर्षांत झाडांच्या ओळींमध्ये घेवडा, भुईमूग, मका निघतो, त्यामुळे जमीन गेली असे वाटतच नाही. मुसिझीसारखे झपाट्याने वाढणारे झाड असेल तर लवकरच सावली जुळते आणि खालचे पीक बसते. म्हणून अन्नाचा हिशोब लावणीच्या वर्षाचा नको, पाचव्या वर्षाच्या सावलीचा हवा. ज्याच्याकडे एकच छोटा तुकडा आहे त्याने सगळ्या रानात झाडे लावू नयेत. बांधावर, कॉफीत किंवा केळीच्या बागेत विखरून लावण्याचा पर्याय विचारावा. गावात माहिती देणाऱ्यानेही हे स्पष्ट सांगायला हवे. पैसे मिळतील म्हणून कुणी आपल्या पोटाची जमीन झाडांखाली घातली तर त्या भरपाईला काही अर्थ उरत नाही.

जमिनीचा कागद

आपल्याकडे सातबारा काढला की कुणाचे नाव लागले आहे ते दिसते. युगांडाच्या खेड्यात बहुतेकांकडे असा उतारा नसतो. तिथे जमीनधारणेचे चार प्रकार आहेत: रूढीने चालत आलेली, फ्रीहोल्ड, मायलो आणि भाडेपट्टा. पश्चिमेकडे रूढीची जमीन खूप आहे. १९९८ च्या जमीन कायद्याने अशा जमिनीला रूढी-मालकीचे प्रमाणपत्र मिळू शकते, पण ते काढलेले शेतकरी थोडे. मग गाव परिषदेच्या, म्हणजे एलसी-वनच्या अध्यक्षाचे पत्र, खरेदी किंवा वाटणीचा हस्तलिखित कागद आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची साक्ष यांवर काम चालते.

मायलो जमिनीत मात्र जपून. तिथे मालक एक आणि पिढ्यानपिढ्या कसणारा दुसरा असतो. कसणाऱ्याने मालकाची लेखी संमती न घेता २५ वर्षांच्या करारावर झाड लावले, तर झाड मोठे झाल्यावर भांडण ठरलेले.

साधारणपणे जवळ ठेवायचे कागद असे:
– राष्ट्रीय ओळखपत्र
– जमिनीच्या ताब्याचा पुरावा, किंवा एलसी-वन अध्यक्षाचे सही-शिक्क्याचे पत्र
– पती किंवा पत्नीची लेखी संमती. कुटुंब ज्या जमिनीवर राहते व जगते तिच्या व्यवहाराला कायदाच ती मागतो
– बँकेतले किंवा बचत-पत संस्थेतले खाते, अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे

खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळायला हवे. पाळण्यातले नाव एका कागदावर आणि बाप्तिस्म्याचे दुसऱ्यावर, एवढ्यावरून हप्ता अडकतो.

अर्ज ते लावणी

गावच्या समन्वयकाकडे इच्छा नोंदवली की शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने जमिनीचा नकाशा काढायचा असतो. घर, विहीर किंवा ओढा, अन्नपिके, गुरांची वाट, आधीची झाडे आणि नवा तुकडा, हे सारे त्यात दाखवायचे. या नकाशा-आराखड्याला ‘प्लॅन विवो’ म्हणतात. मानकाचे नाव त्यावरूनच आले. नंतर तंत्रज्ञ येऊन तुकड्याच्या कडेने जीपीएस घेऊन चालतो. हातच्या नकाशात गुरांची वाट दाखवायची राहिली तर पुढे त्याच वाटेने गुरे रोपांत शिरतात. म्हणून नकाशा काढताना घरातल्या बायका-मुलांना सोबत बसवावे, गुरे कुठून जातात ते त्यांना नेमके ठाऊक असते.

मिश्र देशी झाडांसाठी हेक्टरी सुमारे ४०० रोपे, म्हणजे ५ बाय ५ मीटर. निलगिरी यात बसत नाही. मुसिझी, कॉर्डिया, प्रूनस आफ्रिकाना, खाया जातीची महोगनी, मवुले अशी झाडे घेतात. मिश्रणाचा आग्रह शोभेसाठी नाही. एकट्या महोगनीची लावणी केली तर शेंडा पोखरणारी अळी मधला कोंब मारते आणि झाड झुडपासारखे फुटते. मवुले सलग लावले तर पानांवर गाठी आणणारा किडा रोपे खुरटवतो. इतर झाडांच्या आडोशाने, विखरून लावले की दोन्ही बऱ्यापैकी तगतात.

पाऊस दोनदा पडतो: मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. रोपे पावसाच्या सुरुवातीलाच जमिनीत जायला हवीत. मे अखेरीस लावलेले रोप मूळ धरण्याआधी कोरड्यात सापडते. त्यामुळे रोपवाटिका आधीच्या हंगामात धरावी आणि हेक्टरी ४०० ऐवजी थोडी जास्त रोपे तयार ठेवावीत, नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला ती लागतातच.

अजून एक गोष्ट नीट कळायला हवी. आराखडा मंजूर झाला म्हणजे कार्बनची विक्री झाली असे नाही. खरेदीदार मिळेपर्यंत अर्ज यादीत थांबतो. विक्रीचा करार सही होण्यापूर्वी कर्ज काढून रोपे घेऊ नयेत.

हप्ते आणि तपासणी

पैसे दहा वर्षांत पाच वेळा मिळतात आणि प्रत्येक वेळी आधी तपासणी होते. लावणीच्या वर्षी निम्मा तुकडा लावून झाला असेल तर ठरलेल्या रकमेच्या ३० टक्के. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी पूर्ण तुकडा लागला की २० टक्के. तिसऱ्या वर्षी किमान ८५ टक्के झाडे जिवंत असतील तर २० टक्के. म्हणजे ४०० पैकी ३४० उभी हवीत, ६० पेक्षा जास्त मर झाली तर हप्ता थांबतो आणि नांग्या भरून पुन्हा तपासणीची वाट पाहावी लागते. पाचव्या वर्षी खोडाचा सरासरी व्यास १० सेंटिमीटर झाला की १० टक्के, दहाव्या वर्षी २० सेंटिमीटर झाला की उरलेले २० टक्के. मिळणाऱ्या रकमेतला दहावा भाग गावाच्या सामाईक कार्बन निधीत जातो. प्लॅन विवोचा नियम असा की विक्रीच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के वाटा सहभागी लोकांपर्यंत पोचला पाहिजे.

व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. फीत खोडाभोवती आडवी, ताठ गुंडाळायची. उतारावर वरच्या बाजूला उभे राहून उंची धरायची. साधी फीत असेल तर घेर ३१.४ सेंटिमीटर म्हणजे व्यास १०, आणि ६२.८ म्हणजे २०. झाड त्या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर दोन खोडे वेगळी मोजतात आणि सरासरी घसरते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत एकच सरळ कोंब ठेवून बाकीची फूट छाटणे हे थेट पैशाचे काम आहे.

तिसऱ्या वर्षापर्यंत ७० टक्के रक्कम हातात आलेली असते. पाचव्यानंतर मात्र पाच वर्षे काहीच नाही, आणि नेमके तेव्हा झाड वासा म्हणून विकण्याजोगे होते. शाळेची फी भरायची असते, व्यापारी दारात रोख घेऊन उभा असतो. इथेच तुकडे मोडतात. विरळणी आराखड्यात लिहून घेतली असेल तर तोडलेला वासा वैध ठरतो. लिहिली नसेल तर करारभंग. आणि करार २५ वर्षांचा, म्हणजे शेवटच्या हप्त्यानंतरही झाडे १५ वर्षे सांभाळायची, तीही बिनहप्त्याची. आमच्या मते सही करण्याआधी समजून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. करार शेतकऱ्याच्या भाषेत मोठ्याने वाचून घ्यावा आणि जमीन विकली किंवा वारसांत वाटली गेली तर जबाबदारी कुणावर, ते कलम शोधावे.

पैसे भरणाऱ्याने काय पाहावे

झाड पुढे शोषेल त्या कार्बनचे प्रमाणपत्र आज विकले जाते की आधीच शोषलेल्याचे, हे विचारा. २०२२ मध्ये आलेल्या प्लॅन विवोच्या पाचव्या आवृत्तीत भावी, नोंदवलेली आणि पडताळलेली अशी तीन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. भावी प्रमाणपत्राने शेतकऱ्याला रोपाच्या वेळी पैसा मिळतो, हा त्याचा खरा उपयोग. पण त्याच्या आधारावर ‘आमचे उत्सर्जन शून्य झाले’ असे म्हणता येत नाही. खरेदीनंतर प्रमाणपत्र नोंदवहीत तुमच्या नावे रद्द, म्हणजे वापरून संपले, अशी नोंद झाल्याचा अनुक्रमांक मागा. तो नसेल तर तेच प्रमाणपत्र पुन्हा विकले जाऊ शकते.

शेजारच्या देशांत चौकट वेगळी आहे. केनियात २०२३ च्या कायदा-दुरुस्तीने सार्वजनिक व सामुदायिक जमिनीवरच्या प्रकल्पांना गावाशी सामुदायिक विकास करार सक्तीचा केला आणि खर्च वजा जाता वार्षिक उत्पन्नाचा किमान ४० टक्के वाटा समुदायाला ठरवून दिला. केनियात आणि टांझानियात ‘टिस्ट’ नावाचा कार्यक्रम ६ ते १२ शेतकऱ्यांच्या छोट्या गटांतून चालतो. तिथे जिवंत झाडामागे वर्षाला २ अमेरिकी सेंट आगाऊ आणि पुढे विक्रीच्या नफ्यात ७० टक्के वाटा अशी पद्धत आहे. हाच कार्यक्रम तमिळनाडूतही आहे, त्यामुळे करार प्रत्यक्ष पाहायचा असेल त्याला आफ्रिकेपर्यंत जावे लागत नाही.