कमावलेला वॉक आणि बहाल केलेला वॉक

बेसबॉलच्या आकडेवारीत ‘बीबी’ नावाचा एक रकाना असतो. बीबी म्हणजे बेस ऑन बॉल्स, रोजच्या बोलण्यात वॉक. पिचरने (म्हणजे गोलंदाजाने) टाकलेले चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या प्लेटवर छाती ते गुडघा उंचीच्या काल्पनिक चौकटीच्या, बाहेर गेले आणि बॅटरने त्यांवर बॅट फिरवली नाही, की तो थेट पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठाव्या लागणाऱ्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर, जातो. क्रिकेट बघणाऱ्याला हे वाइडसारखं वाटेल. पण वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात कधीच पडत नाही. इथे बॅटर स्वतः बेसवर पोचतो, आणि हा वॉक त्याच्या नावावर लागतो.

घोळ होतो तो इथेच. बीबीच्या रकान्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात: बॅटरने नजरेच्या आणि संयमाच्या जोरावर कमावलेला वॉक, आणि समोरच्या संघाने ‘याच्याशी खेळायचंच नाही’ असं ठरवून बहाल केलेला वॉक. दुसऱ्याला इंटेन्शनल वॉक म्हणतात. तो आयबीबी म्हणून वेगळाही नोंदवला जातो, पण अधिकृत नोंद १९५५पासूनचीच, आणि बीबीच्या बेरजेत तो असतोच.

बहाल केलेल्या वॉकचं टोक बघायचं तर २८ मे १९९८. अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स ८-६ असे पुढे. नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले आणि बॅटिंगला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बॅरी बाँड्स. डायमंडबॅक्सचा मॅनेजर बक शोवॉल्टर याने त्याला वॉक द्यायला सांगितलं. भरल्या बेसवर वॉक दिला की सगळे एकेक बेस पुढे सरकतात आणि तिसऱ्या बेसवरच्याची धाव पुरी होते, म्हणजे हातातली एक धाव फुकट देणं! कॅचर उभा राहून हात प्लेटपासून लांब धरतो, पिचर ग्रेग ओल्सन तिकडेच चेंडू टाकतो, चार वेळा. स्कोअर ८-७. पुढच्या ब्रेंट मेनने चेंडू जोरात मारला, पण तो थेट राइट फील्डरच्या हातात गेला आणि अ‍ॅरिझोना जिंकलं. या वॉकमध्ये बाँड्सने त्या क्षणी काहीच केलं नव्हतं. त्याच्या नावाचा धाक पुरेसा होता. (२०१७पासून तर मॅनेजरने नुसती खूण केली तरी चालते, ते चार चेंडूही टाकावे लागत नाहीत.)

२००४ साली बाँड्सला २३२ वॉक मिळाले, त्यांतले तब्बल १२० इंटेन्शनल. कारकिर्दीत एकूण २,५५८ वॉक, हा विक्रम. पैकी ६८८ बहाल केलेले.

आता रिकी हेंडरसनकडे बघा. एकूण २,१९० वॉक, म्हणजे यादीत बाँड्सच्या खाली. पण त्यांतले इंटेन्शनल फक्त ६१. वजाबाकी करा: बाँड्स १,८७०, हेंडरसन २,१२९. पहिला क्रमांक बदलला!

हेंडरसनला मुद्दाम वॉक देण्याइतकी मोठी चूक दुसरी नव्हती. तो बहुतेक वेळा डावाची सुरुवात करायचा आणि पहिल्या बेसवर उभा राहिला की दुसरा बेस चोरायचा (पिचर चेंडू टाकत असतानाच धावत जाऊन गाठायचा), मग तिसरा. १९८२च्या हंगामात त्याने ११६ वॉक घेतले आणि १३० बेस चोरले. हा बेसचोरीचा आकडा आधुनिक बेसबॉलमध्ये अजून कुणी गाठलेला नाही. त्यामुळे प्रत्येक पिचर त्याला स्ट्राइक टाकायलाच बघायचा. आणि तो प्लेटपाशी इतका वाकून उभा राहायचा की छाती ते गुडघा हे अंतरच आखडून जायचं. स्ट्राइक झोनची उंची बॅटरच्या पवित्र्यावर ठरते, म्हणजे पिचरला मारायची खिडकीच लहान. तिथे जेमतेम ०.४ सेकंदांत येऊन पोचणारा चेंडू प्लेटच्या कडेवरून जाणार की दोन इंच बाहेरून, हे ओळखून बॅट आवरायची. माझ्या लेखी वॉक घेण्याच्या कलेतला सर्वांत मोठा माणूस हाच.

एडी योस्टलाही इथे जागा द्यायलाच हवी. वॉशिंग्टन सेनेटर्सचा हा थर्ड बेसमन ‘द वॉकिंग मॅन’ म्हणून ओळखला जायचा. १९५६ साली त्याची बॅटिंग अ‍ॅव्हरेज होती जेमतेम .२३१, म्हणजे वॉक वगळता शंभर संधींत साधारण २३ हिट. असल्या बॅटरला घाबरून वॉक कोण देणार? तरी त्याने १५१ वॉक घेतले आणि त्याचं ऑन-बेस पर्सेंटेज (बेसवर पोचण्याचं प्रमाण) .४१२ झालं.

तरीही वजाबाकीने सगळं सुटत नाही. दोन्हींच्या मधे एक धूसर पट्टा आहे: पिचर उघडपणे वॉक देत नाही, पण मारण्याजोगं काही टाकतही नाही. असे वॉक साध्या बीबीतच जातात, आणि बाँड्सच्या वाट्याला ते भरपूर आले. पण असे चेंडू सोडायलाही धीर लागतो. २००४मध्ये बाँड्स फक्त ४१ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) झाला. म्हणून त्याच्या नजरेला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२४ची न्यू यॉर्क यँकीज बघा. अ‍ॅरन जज १३३ वॉक, हुआन सोतो १२९. बीबीच्या रकान्यात दोघे जवळपास सारखे. आयबीबीच्या रकान्यात मात्र जज २० आणि सोतो २. सोतोच्या मागे बहुतेक वेळा जजच बॅटिंगला यायचा; त्यामुळे सोतोला मुद्दाम बेसवर बसवून जजला सामोरं जायची हौस कुणाला असणार?