तिसरीतला इवलासा खेकडा: पिल्लू की पूर्ण वाढलेली मादी?

नाशिकला तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे लहान शिंपले, येतात त्या किनाऱ्यावरून. विळीवर उघडताना कधीमधी एखादीत वाटाण्याएवढा गोल खेकडा निघतो आणि घरात लगेच निदान होतं: खेकड्याचं पिल्लू आत शिरलं. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे धरणाऱ्यांना तर हे सहज पटतं. मादीच्या पोटाखाली चिकटलेली बारीक पिल्लं त्यांनी पाहिलेली असतात.

पण नुसत्या आकारावर जाऊ नका. खेकडा उताणा करा. ओढ्याच्या पिल्लाची पाठ कडक असते, पोटाखालची दुमडलेली पट्टी अरुंद. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची अंडी फुटतात तीच चिमुकले खेकडे होऊन. तिसरीतल्या मादीचं कवच मऊ, दुधट. डोळे अगदी बारीक. पट्टी मात्र जवळजवळ सगळं पोट झाकेल इतकी रुंद, आणि बहुधा तिच्याखाली अंड्यांचा गच्च पुंजका. अंडी दिसली की वयाचा प्रश्नच मिटला. हिची पिल्लं आधी समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात, मग शिंपला गाठतात. म्हणूनच गोदावरीच्या शिंपल्यात ही सापडायची नाही.

ही तिसरीचं मांस खात नाही. तिसरी कल्ल्यांवर गाळून घेते ते अन्न ही परस्पर उचलते. त्यात कल्ले दुखावतात, तिसरी रोडावते. ही खेकडी शिजवून खाण्यात आली तरी माणसाला सहसा अपाय नाही. उगाच अख्खी तिसरी फेकू नये.

खरी पंचाईत वर्गीकरणात आहे. शिंपल्यात राहणारे हे वाटाण्याएवढे खेकडे पिनोथेरिडी कुळातले. नर लहान, कडक पाठीचा, शिंपल्याबाहेर फिरणारा; मादीसुद्धा कोवळ्या वयात तशीच कडक, नंतर मऊ होते. एकाच जातीची ही रूपं शेजारी ठेवली तर दोन वेगळे प्राणी वाटतील. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये युरोपातल्या अशा खेकड्याला नाव दिलं. तो आज पिनोथेरिस पायसम. पुढे याच पिनोथेरिस प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जगभरचे खेकडे कोंबले गेले. प्राणीशास्त्रज्ञ रेमंड मॅनिंग यांनी १९९३ मध्ये आर्कोथेरिस ही प्रजाती वेगळी काढली. तिच्यात मागच्या पायांची टोकाची नखं पुढच्या पायांपेक्षा लांब असतात, पिनोथेरिसमध्ये सगळी साधारण सारखी. भिंगाखाली पाहायचं ते हे, आणि जबड्यापाशीच्या पायांची सांधेजोड. शिंपला कोणता होता याची नोंद जरूर ठेवावी, पण तेवढ्यावर जात ठरवू नये. एकच जात वेगवेगळ्या शिंपल्यांत राहू शकते.