डब्यातला भोपळा आणि उरलेला अर्धा डबा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत एक वस्तू हमखास सापडते: कपाटात मागे सरकलेला भोपळ्याच्या गराचा डबा, नाहीतर त्यातला उरलेला अर्धा गर, फ्रिजमध्ये वाटीत झाकून ठेवलेला. थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरचा सण झालेला असतो, पाहुणे गेलेले असतात आणि आता याचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. इथल्या मराठी घरांतही तो दरवर्षी पडतो. डबे नोव्हेंबरात स्वस्त मिळतात म्हणून दोनाऐवजी चार आणले जातात, आणि तेच पुढे मार्चपर्यंत पुरतात. पण हा अर्धा डबा का उरतो, याला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या गुहांमध्ये सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावायची तिथल्या मूलनिवासींची पद्धत होती. घेवडा मक्याच्या ताटावर चढायचा आणि भोपळ्याची पानं खालची जमीन झाकून ओल धरायची. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी भोपळा त्यांच्याकडूनच घेतला. अमीलिया सिमन्स यांचं 1796 सालचं ‘अमेरिकन कुकरी’ हे अमेरिकन माणसाने लिहून तिथेच छापलेलं पहिलं पाककृतींचं पुस्तक मानलं जातं. त्यात शिजवून गाळलेल्या भोपळ्यात साय, अंडी, जायपत्री, जायफळ आणि आलं घालून केलेला पदार्थ आहे. वाटा वेगळ्या असल्या तरी भोपळा आणि जायफळ एकमेकांना शोभतात हे अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या, दोन्ही बायकांना कळलेलं होतं!

हा पदार्थ एका सणाला कायमचा बांधला जाण्यामागे सारा जोसेफा हेल या संपादिकेचा मोठा वाटा आहे. थँक्सगिव्हिंगची सुट्टी देशभर एकाच दिवशी असावी म्हणून त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या, राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत राहिल्या. अखेर यादवी युद्ध चालू असताना, ऑक्टोबर 1863 मध्ये, अब्राहम लिंकन यांनी तशी घोषणा केली. एका ठरलेल्या दिवशी देशभरातल्या घरांना भोपळ्याचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत गर भरून भाजलेला गोड पदार्थ) हवा, म्हणजे काही दिवसांपुरती प्रचंड मागणी आणि बाकी वर्षभर जवळजवळ शांतता. डबाबंद उद्योगाला हे गणित चांगलंच जमलं.

डब्यात अन्न टिकवण्याची वाट फ्रान्समध्ये निकोला आपेर यांनी काचेच्या बाटल्यांपासून सुरू केली. 1810 मध्ये पीटर ड्युरंड यांनी इंग्लंडमध्ये घेतलेल्या पेटंटात पत्र्याचा डबाही आला. भोपळ्याच्या डब्याचं घर मात्र इलिनॉय हे राज्य. डिकिन्सन कुटुंबाचा तिथे भोपळा डबाबंद करण्याचा व्यवसाय होता. शिकागोची लिबी, मॅकनील अँड लिबी ही कंपनी तोवर डबाबंद मांसासाठी प्रसिद्ध होती. तिने 1929 मध्ये तो व्यवसाय विकत घेतला. पिओरियाजवळचं मॉर्टन हे छोटं गाव आजही स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. योगायोग असा, की पायमधला दुसरा डबा, म्हणजे आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाचा, त्याचा कारखानाही 1885 मध्ये इलिनॉयमधल्याच हायलँड गावात उभा राहिला होता.

1950 मध्ये लिबीच्या डब्याच्या लेबलवर पायची पाककृती छापली गेली आणि घरोघरचं माप ठरून गेलं. 15 औंसांचा, म्हणजे 425 ग्रॅमचा एक डबा, दोन अंडी, पाऊण कप साखर, आटवलेल्या दुधाचा 12 औंसांचा एक डबा, वर दालचिनी, सुंठ आणि लवंग. एका डब्यात एक पाय, शेवटचा चमचाही उरत नाही. 29 औंसांच्या मोठ्या डब्यात दोन.

उरण्याचा प्रश्न इथेच दडलेला आहे. डबा पायच्या मापाचा आहे, बाकी कशाच्याच नाही. भोपळ्याचा ब्रेड, मफिन, पॅनकेक यांना बहुधा एक कप गर लागतो आणि डब्यात असतो पावणेदोन कप. राहिलेला पाऊण कप टाकवत नाही आणि एकट्याने कशाला पुरतही नाही. त्या पाऊण कपासाठी अमेरिकन गृहिणींनी किती वाटा काढल्या पाहा. सूपमध्ये, मिरचीच्या रश्श्यात, ओटमीलमध्ये घातला. केकच्या तयार मिक्समध्ये अंडी-तेलाऐवजी नुसता गर ढवळला. कुत्र्याचं पोट बिघडलं तर पशुवैद्यही जेवणात चमचाभर साधा गर घालायला सांगतात, त्यामुळे काही घरांत तो बारा महिने असतो. 2003 मध्ये कॉफीच्या दुकानांतून पम्पकिन स्पाइस लाटे आलं आणि शरद ऋतू म्हणजे भोपळा हे समीकरण आणखी पक्कं झालं. खरं तर त्या स्पाइसमध्ये भोपळा नसतोच, असतो पायचा मसाला. पण मसाल्याच्या निमित्ताने डब्याकडेही पुन्हा लक्ष गेलं.

सगळा माल एका हंगामात आणि मुख्यतः एकाच राज्यातून येतो, याची किंमत 2009 मध्ये कळली. इलिनॉयमध्ये ऐन काढणीला पाऊस लागून राहिला, ट्रॅक्टर चिखलात रुतले आणि पीक शेतातच कुजलं. लिबी तोवर नेस्लेकडे आलेली होती. पुढच्या हंगामापर्यंत डबे मिळणार नाहीत, असं कंपनीला नोव्हेंबरातच जाहीर करावं लागलं. 2015 मध्येही अतिपावसाने उत्पादन घटलं. ज्यांनी ती वर्षं पाहिली, ते आजही एक डबा जास्तीचा आणून ठेवतात.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. हॅलोविनला कोरतात तो केशरी, गोल, दोरेदार भोपळा या डब्यात नसतो. लिबीच्या डब्यातला डिकिन्सन जातीचा भोपळा फिकट तपकिरी सालीचा, जरा लांबट, आतून घट्ट आणि गोड असतो. वनस्पतीशास्त्रात तो कुकुर्बिटा मोस्काटा. अशा जातींच्या गरावर ‘पम्पकिन’ लिहायला अमेरिकी अन्न प्रशासनाने 1938 पासून मोकळीक दिलेली आहे. आणि आपल्याकडचा लाल भोपळा, कुठे डांगर, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ, तोही बहुतांशी याच मोस्काटाचा. कोलंबसनंतरच्या काळात युरोपीय जहाजांतून तो आशियात आला आणि इतका आपला झाला, की आज अनेक घरांत उपासालाही चालतो. परदेशात डबा उघडून घारगे करणारी बाई दुधाची तहान ताकावर भागवते आहे, असं कुणी म्हटलं की मला म्हणून राग येतो. भोपळा तोच आहे.

फरक आहे तो पाण्याचा. किसून तुपावर वाफवलेल्या भोपळ्यापेक्षा डब्यातला गर सैल असतो. म्हणून मी उरलेला पाऊण कप गर आधी जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर परतते. कडा सुटू लागल्या की अर्धा कप चिरलेला गूळ घालायचा. गूळ विरघळला की मिश्रण पुन्हा पातळ होतं. तिथे घाई न करता उलथनं ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसेपर्यंत आटवायचं. पुरतं निवलं की चिमूट मीठ, जायफळ, थोडी तांदळाची पिठी, कडकडीत तेलाचं मोहन आणि गर शोषेल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंबही नको. खसखस लावून जाडसर थापायचे आणि मध्यम आंचेवर तळायचे. आंच मोठी झाली तर गुळामुळे बाहेरून काळे होतात आणि आतून कच्चे राहतात.

भरीत तर त्याहून सोपं. गर मिनिटभर गरम करून निववायचा, घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, साखर घालायची आणि वर जिरं-हिरव्या मिरचीची तुपातली फोडणी. फक्त डबा घेताना लेबल नीट वाचा. शेजारीच तसाच दिसणारा ‘पाय मिक्स’चा डबा असतो, त्यात साखर आणि दालचिनी आधीच घातलेली असते. एका एकादशीला मी तोच उघडला आणि सगळं भरीत टाकून द्यावं लागलं.

एक धोक्याची गोष्टही सांगायला हवी. भोपळा स्वस्त मिळाला म्हणून त्याचा गर घरी बरण्यांत भरून वर्षभर टिकवायच्या फंदात पडू नका. भोपळ्यात आम्लता कमी, त्यात दाट गराच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही, त्यामुळे बॉट्युलिझमचा, म्हणजे अन्नातून होणाऱ्या गंभीर विषबाधेचा जंतू आत जिवंत राहू शकतो. अमेरिकेचं कृषी खातंही घरी असा गर डबाबंद करू नये असंच सांगतं. उघडलेल्या डब्यातला गर काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवसांत संपवावा. तेवढ्यात जमणार नसेल तर पाव-पाव कपाचे गोळे करून फ्रीझरमध्ये टाकावेत. तीन गोळे काढले, की घारग्यांच्या एका घाण्याची सोय होते.