चार्ज कोणाकडे? खानदेशातल्या शाळांमधील सामायिक नेतृत्वाची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत नवा माणूस आला की विचारतो, "चार्ज कोणाकडे आहे?" मुख्याध्यापक कोण, असे सहसा कोणी विचारत नाही, कारण अशा शाळेत ते स्वतंत्र पदच नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत १५० पेक्षा जास्त मुले असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक, आणि पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या दोनशिक्षकी शाळेत त्यामुळे सेवाज्येष्ठ गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा प्रभार, म्हणजेच चार्ज, असतो आणि वर्गही असतात. नेतृत्व वाटून घेण्याची चर्चा परदेशी विद्यापीठांत २००० नंतर जोरात सुरू झाली. इथे मात्र ती गरज आधीपासूनच होती.

जुन्या मुंबई इलाख्यात शाळेवर अधिकार वरूनच चाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेल्या, पण शिक्षकाच्या दृष्टीने फार बदलले नाही. तपासणीला साहेब येत, शेरेबुकात चार ओळी लिहीत, आणि त्या चार ओळींवर मास्तरांचे वर्ष बरे-वाईट ठरे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा त्यांच्याकडे गेल्या. साहेब बदलले, शेरेबुक राहिले.

याच मातीत वेगळे उदाहरणही आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. मुख्याध्यापक नव्हते, त्यांच्याकडे छात्रालय होते. तिथली व्यवस्था, मुलांशी रोजचा संवाद आणि हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' हे सगळे त्यांनी आपल्या पद्धतीने चालवले. एका शिक्षकाला एक पूर्ण क्षेत्र मोकळ्या हाताने मिळाले की काय होते, ते यात दिसते. प्रेरणेच्या अभ्यासात डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या तीन गरजा (निर्णयाची मोकळीक, काम जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणा) इथे एकाच खोलीत होत्या.

सरकारी पातळीवर पहिला मोठा विचार कोठारी आयोगाचा (१९६४-६६). माध्यमिक शाळेभोवती जवळच्या प्राथमिक शाळा जोडून 'शाळा संकुल' करावे आणि शिक्षकांनी एकमेकांना मदत करावी, ही त्याची शिफारस. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, ते याच विचाराच्या वाटेवर. दहा-बारा शाळांचे केंद्र, महिन्याला एक गटसंमेलन, ज्याला आता शिक्षण परिषद म्हणतात. कल्पना चांगलीच होती. पण केंद्रप्रमुख लवकरच माहिती गोळा करणारा माणूस झाला, आणि संमेलनात पाठ कमी, प्रपत्रे जास्त अशी गत झाली.

खासगी अनुदानित शाळांचे गणित वेगळे. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतील शालेय समितीत संस्थेच्या प्रतिनिधींचे पारडे जड, कायम शिक्षकांचा प्रतिनिधी एकच, तोही सेवाज्येष्ठतेने आळीपाळीने. तो बैठकीत काय बोलणार, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक किंवा प्रभारी सदस्य-सचिव. कागदावर हा सत्तेचा खरा वाटा आहे. पण नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या काळात ठेवलेल्या बैठकीला पालक येणार कुठून? मग सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात आणि इतिवृत्त एकाच माणसाच्या अक्षरात लिहिले जाते. बैठक बाजाराच्या दिवशी, नाहीतर शेताची कामे उरकल्यावर संध्याकाळी ठेवली तर माणसे जमतात.

शिक्षकांमध्ये वाटणी कशी फसते, ते पोषण आहारात पाहावे. प्राथमिकला मुलामागे १०० ग्रॅम धान्य. ३६ मुले हजर असतील तर ३ किलो ६०० ग्रॅम. धान्याच्या हिशेबाची वही एका शिक्षकाकडे, कोठीची किल्ली दुसऱ्याकडे, सही प्रभारीची. महिनाअखेर वहीतली शिल्लक आणि गोणीतला तांदूळ जुळला नाही की तिघेही एकमेकांकडे बघतात. वाटले गेले ते काम. निर्णय कोणालाच मिळाला नाही. ज्या शाळांत हे नीट चालते तिथे जूनच्या पहिल्या बैठकीत वही, किल्ली आणि मोजमापाचा अधिकार एकाच शिक्षकाकडे दिला जातो, तसे इतिवृत्तात लिहिले जाते, आणि पुढच्या वर्षी हस्तांतर करताना दोघे मिळून तांदूळ तोलून घेतात. शिष्यवृत्तीचे वर्ग, ग्रंथालय, परसबाग यांनाही हीच रीत लागू पडते.

सगळ्यात वाईट वाटणी तरुण शिक्षकांच्या वाट्याला येते. २००० पासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काम. प्राथमिकला सुरुवातीला ३,००० रुपये, १ जानेवारी २०२३ पासून १६,०००. मोबाईल-संगणक येतो म्हणून सरल आणि यू-डायस या शाळांची माहिती नोंदवण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालींत माहिती त्यांनीच भरायची. वर्ग कोणता घ्यायचा, हे मात्र कोणी त्यांना विचारत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आले आहे, या वेळी पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात. सातपुड्यात तेवढे अंतर म्हणजे मध्ये घाट आणि नाला असू शकतो. तिथे प्रभारी गुरुजी बैठकीला तालुक्याला गेले की उरलेल्या एका शिक्षकापुढे पहिली ते चौथी बसलेली असते. त्याच दिवशी कोणी पालक दाखल्यासाठी डोंगर उतरून आला, तर त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगावे लागते, कारण दाखल्यावरची सही बैठकीला गेलेली असते.