लेझरच्या मशीनवर सीबीसी: रक्त देण्याआधी आणि रिपोर्ट घेताना

आधी एक सांगून टाकतो: लेझर तुमच्या अंगाला लागत नाही. लॅबमध्ये फाइव्ह-पार्ट (पाच प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या मोजणारं) मशीन बसल्याची पाटी लागल्यापासून "भाऊ, किरण मारल्यानं काही होणार तर नाही ना?" हा प्रश्न काउंटरवर रोजचा झाला आहे. रक्त पूर्वीसारखंच सुईनं, हाताच्या शिरेतून, साधारण दोन मिलीलिटर घेतो. लेझर मशीनच्या पोटात असतो आणि तो पडतो नळीतल्या रक्तावर. नुसत्या सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, उपाशी यायचीही गरज नाही. रुंझा, मोहदा, पाटणबोरीकडून सकाळच्या एसटीनं येणाऱ्यांनी चहा-भाकर करूनच निघावं. साखरेची तपासणी सोबत असेल तर मात्र आधी विचारा.

आता आत काय होतं ते. एका मायक्रोलिटर रक्तात लाल पेशी चाळीस-पन्नास लाख आणि पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार. एवढ्या गर्दीत पांढऱ्या पेशी दिसणार कशा? म्हणून मशीन रक्ताचा थोडा भाग घेऊन त्यातल्या लाल पेशी एका द्रावणानं फोडून टाकतं. उरलेल्या पांढऱ्या पेशी स्वच्छ द्रवाच्या धारेत मधोमध धरल्या जातात आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर गाड्या लागतात तशा एकामागून एक लेझरसमोरून जातात. प्रत्येक पेशीवर उजेड पडतो आणि विखुरतो. समोरच्या दिशेनं किती उजेड गेला यावरून पेशीचा आकार कळतो. बाजूला किती फेकला गेला यावरून तिच्या आतली रचना, मुख्यतः दाणे, कळतात. लिम्फोसाइट लहान, आत फारसे दाणे नसलेली. मोनोसाइट मोठी, पण दाणे कमी. न्यूट्रोफिल दाणेदार आणि इओसिनोफिल तर दाण्यांनी भरलेली, त्यामुळे ती उजेड बाजूला जास्त फेकते. बेसोफिल एकूण पेशींत शंभरात एखादी.

रिपोर्टवर जो रंगीत ठिपक्यांचा चौकोन छापून येतो तो शोभेसाठी नाही. त्यातला एकेक ठिपका म्हणजे लेझरसमोरून गेलेली तुमची एकेक पेशी. निरोगी माणसाच्या चौकोनात ठिपक्यांचे पुंजके वेगवेगळे दिसतात. पुंजके एकमेकांत मिसळले किंवा भलत्या जागी ठिपके पडले की मशीन रिपोर्टवर खूण करतं.

लाल पेशी आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) आमच्या मशीनमध्ये लेझरनं मोजल्या जात नाहीत. त्यासाठी जुनीच, पण भरवशाची पद्धत आहे: बारीक छिद्रातून वीज वाहत असते, पेशी त्यातून गेली की क्षणभर अडथळा येतो, आणि मशीन ते अडथळे मोजतं. वॉलेस कोल्टर यांना अमेरिकेत १९५३ मध्ये याचं पेटंट मिळालं. हिमोग्लोबिन तिसऱ्याच पद्धतीनं, रंगाच्या गडदपणावरून.

पूर्वी आम्ही स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजून टक्केवारी काढत होतो. शंभरात दोन इओसिनोफिल दिसल्या, तर पुढच्या शंभरात पाच दिसू शकतात किंवा एकही नाही. मशीन हजारोंनी पेशी पाहतं, त्यामुळे जंत, ॲलर्जी अशा कारणांनी इओसिनोफिल वाढल्या असतील तर आकडा जास्त भरवशाचा येतो. म्हणून मायक्रोस्कोप माळ्यावर टाकला असं समजू नका. मशीननं खूण केली की आम्ही लिशमन रंग देऊन स्लाइड बनवतो आणि ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिपोर्ट हातात देत नाही. अशा वेळी रिपोर्टला उशीर होतो, कधी पुन्हा रक्त मागावं लागतं. रागावू नका, बापा.

पुन्हा बोलवायचं नेहमीचं कारण प्लेटलेट. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो गठ्ठा वेगवेगळा मोजता येत नाही आणि तब्येत चांगली असलेल्या माणसाच्या "पेशी" ४० हजार दिसतात. स्लाइडवर गठ्ठे दिसले की निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतो. उलटही होतं. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी फार बारीक झाल्या, तर त्यांतल्या काही प्लेटलेटमध्ये मोजल्या जातात.

डेंग्यूच्या दिवसांत हे जास्त लक्षात ठेवा. प्लेटलेट सकाळी ४८ हजार आणि संध्याकाळी ४४ हजार आल्या, तर पेशी घटल्याच असं म्हणता येत नाही. एकच नळी दोनदा लावली तरी एवढा फरक पडू शकतो. दुसऱ्या लॅबचा आकडा समोर ठेवून भांडायलाही त्यात काही नाही. ताप उतरल्यावरही धोका असतो आणि डॉक्टर प्लेटलेटसोबत पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते), बीपी, लघवी, पोटदुखी हे सगळं पाहतात. पपईच्या पानांचा रस पाजून दर सहा तासांनी पेशी मोजायला येणारे आम्हाला धंदा देतात खरे, पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्याच वेळा या.

आपल्या भागात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, म्हणून हेही स्पष्ट लिहितो. सीबीसीवरून सिकलसेल ठरत नाही. वाहकाचा सीबीसी तर बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. त्यासाठी सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी आणि नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे, तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करा. घरात कुणाला सिकल असेल तर रक्त देतानाच सांगा. या आजारात काही लाल पेशी द्रावणानं फुटत नाहीत, मशीन त्यांना पांढऱ्या समजतं आणि आकडा खोटा वाढतो. आधी माहीत असलं की आम्ही थेट स्लाइडही लावतो. मलेरियाचंही तसंच: स्लाइड किंवा रॅपिड टेस्टच करावी लागते.

गावातून नळ्या पाठवणाऱ्या डॉक्टरांना आणि कंपाउंडर भाऊंना विनंती. नळी खुणेपर्यंत भरा आणि लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा, हलवून फेस काढू नका. गुठळी झालेली नळी आम्ही लावत नाही, कारण आकडे खोटे येतात आणि मशीनचं छिद्र तुंबतं ते वेगळंच. मे महिन्यात नळ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या उन्हात लाल पेशी फुटतात. थर्मासच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला टेकवू नका. नाव आणि वेळ नळीवरच लिहा, चिठ्ठी प्रवासात हरवते.

रोज सकाळी पहिलं सॅम्पल लावण्याआधी कमी, नॉर्मल आणि जास्त आकड्यांचं कंट्रोल रक्त (ज्याचे आकडे आधीच माहीत असतात असं) चालवून मशीन तपासतो. ते बसलं नाही तर त्या दिवशी सीबीसी उशिरा सुरू होतो. जुना रिपोर्ट असेल तर सोबत आणा, आणि बाई गरोदर असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून द्या. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, एरवी बाईसाठी तीच रेघ १२ ची आहे.