उत्तर आधी, प्रश्न मागाहून

जुन्या दृश्यावर नवेच संवाद चढवलेले व्हिडिओ हल्ली आपल्या फोनवर रोज येऊन पडतात. मराठीत तर ढिगाने. कुणा परदेशी नटाच्या तोंडी सांगलीची बोली, कुठल्या कार्टूनच्या तोंडी सोसायटीच्या मीटिंगमधलं भांडण. आपण हसतो, पुढे पाठवतो आणि विसरतो. पण चित्र आधीच तयार असताना त्यावर काय लिहायचं, कसं लिहायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे एक स्वतंत्र कसब आहे. टीव्हीवर या कसबाची मोठी शाळा १९९४ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात भरली. त्या शाळेचं नाव ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’.

ही मालिका समजून घ्यायची तर आधी तिच्या कच्च्या मालाकडे जावं लागतं. एमजीएम या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने आपला कार्टून विभाग बंद केला तेव्हा, १९५७ साली, तिथे ‘टॉम अँड जेरी’ करणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. टीव्हीसाठी कार्टून करायचं म्हणजे सिनेमाच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या पैशांत आणि घाईत करायचं. म्हणून त्यांनी काटकसरीची पद्धत बसवली. पात्राचं अंग एकदाच काढायचं, ते तसंच ठेवायचं आणि फक्त ओठ, डोळे किंवा एखादा हात हलवायचा. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, तर डोकं धडापासून वेगळं हलवता यावं आणि जोड दिसू नये म्हणून. चालणं, उडणं, वळणं हे तुकडे एकदा काढून ठेवले की पुन्हा पुन्हा वापरता येत.

याच कारखान्यातून सप्टेंबर १९६६ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘स्पेस घोस्ट’ आला. आकृती ॲलेक्स टॉथ या नावाजलेल्या कॉमिक्स चित्रकाराची. पांढरा पोशाख, पिवळा झगा, डोक्यावर आणि डोळ्यांवर काळा मुखवटा, मनगटावर किरण सोडणारे पट्टे. आवाज गॅरी ओवेन्स यांचा, भारदस्त निवेदकाचा. त्याच्या शत्रूंमध्ये झोरॅक नावाचा प्रार्थनाकीटकासारखा दिसणारा खलनायक होता आणि मोल्टार नावाचा, संपूर्ण चिलखतात बंद असलेला दुसरा. शनिवार सकाळच्या पोरांसाठी केलेली सरळ साहसकथा. ती दोनेक वर्षं चालली आणि डब्यात गेली.

१९९१ साली टीव्ही-उद्योजक टेड टर्नर यांच्या कंपनीने हॅना-बार्बेराचा स्टुडिओ आणि हा सगळा जुना संग्रह सुमारे ३२ कोटी डॉलरच्या व्यवहारात घेतला. एमजीएमचा जुना चित्रपटसंग्रह त्यांच्याकडे आधीच होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये याच भांडवलावर कार्टून नेटवर्क सुरू झालं. या साठ्याची आपल्याकडेही ओळख आहे. १९९५ साली भारतात ही वाहिनी आली तेव्हा दिवसा कार्टून लागत आणि रात्री त्याच वाहिनीवर टर्नरच्याच टीएनटी वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे. ‘टॉम अँड जेरी’ संपून अचानक कृष्णधवल सिनेमा सुरू झाला की आमच्या पिढीतली किती मुलं हिरमुसली असतील! दिवसाची ती कार्टूनं आणि रात्रीचे ते सिनेमे एकाच कोठारातले होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

अमेरिकेत कार्टून नेटवर्कपुढे प्रश्न वेगळा होता. साठा भरपूर, नवीन काही करायला पैसा कमी, आणि रात्री जागणाऱ्या मोठ्या माणसांनाही वाहिनीकडे ओढायचं होतं. हे काम माईक लाझो यांच्याकडे आलं. टर्नरच्या कंपनीत १९८४ साली माल पाठवण्याच्या खात्यात लागलेला हा माणूस कार्यक्रम ठरवण्याच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. त्या वर्षांत अमेरिकन टीव्हीवर रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांची लढाई पेटली होती. १९९२ साली अशा कार्यक्रमाचे दिग्गज सूत्रसंचालक जॉनी कार्सन निवृत्त झाले, त्यांची खुर्ची जे लेनोंना मिळाली, १९९३ साली डेव्हिड लेटरमन रागावून दुसऱ्या वाहिनीवर गेले, आणि त्यांच्या जागी कोनन ओब्रायन नावाचा जवळजवळ अनोळखी तरुण आला. लाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, आपणही असा कार्यक्रम करू. सूत्रसंचालक मात्र डब्यातला स्पेस घोस्ट.

१५ एप्रिल १९९४ च्या रात्री पहिला भाग लागला. मांडणी अशी: अंतराळातल्या एका ग्रहावर स्टुडिओ आहे, टेबलामागे स्पेस घोस्ट बसला आहे. झोरॅक आणि मोल्टार त्याचे कैदी. शिक्षा म्हणून एकाने वाद्यवृंद सांभाळायचा आणि दुसऱ्याने नियंत्रणकक्षात बसून दिग्दर्शन करायचं. पाहुणा मात्र खरा, हाडामांसाचा. तो टेबलाशेजारी वरून खाली येणाऱ्या पडद्यावर दिसतो. या पडद्याची युक्ती मला फार मोलाची वाटते. त्यामुळे चित्र आणि माणूस यांना एका चौकटीत उभं करण्याचा खर्च आणि खटाटोप वाचला. शिवाय दोघांमध्ये कायमची एक भिंत उभी राहिली, आणि लेखकांनी सगळं बांधकाम त्या भिंतीवरच केलं.

काम चालायचं ते असं. पाहुण्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि चमूतल्या कुणीतरी प्रश्न विचारायचे, काही साधे, काही मुद्दाम चमत्कारिक. पाहुण्याची उत्तरं, हसू, अवघडलेला चेहरा, पुढचा प्रश्न यायची वाट बघतानाची शांतता, सगळं टिपून घ्यायचं. मग ती टेप घेऊन लेखक बसायचे आणि उत्तरं तशीच ठेवून प्रश्न बदलायचे. कल्पनेसाठी एक उदाहरण घेऊ. पाहुणीला विचारलं, ‘लहानपणी पोहायला शिकलात का?’ ती म्हणाली, ‘हो, पण आईला बरेच दिवस सांगितलं नव्हतं.’ आता त्या उत्तराआधी स्पेस घोस्टच्या तोंडी वाक्य घाला: ‘तुम्ही शनी विकत घेतलात असं ऐकलं.’ उत्तर तेच, चेहरा तोच, प्रामाणिकपणाही तोच. वेड सगळं प्रश्नात आहे. पाहुणी खोटं बोलत नाही, अभिनय करत नाही, म्हणून तर ते इतकं विलक्षण वाटतं. उत्तर आधी हातात असताना त्याला साजेसा प्रश्न शोधणं हे समस्यापूर्तीच्या जातीचं काम आहे. शेवटचा चरण दिलेला असतो, आधीचे तीन आपण रचायचे.

दुसरं बंधन चित्रांचं. १९६६ च्या मालिकेत स्पेस घोस्ट जे करत होता तेवढंच बहुतांशी हाताशी. हाताची घडी, बोट उगारणं, उडणं, पट्ट्यातून किरण सोडणं. नवी चित्रं काढली जात, पण जपून. तेव्हा लिहिताना विचार उलटा करावा लागे: पात्राला काय वाटतंय यापेक्षा आपल्याकडे त्याची कुठली हालचाल आहे? किरण सोडण्याचे तुकडे मुबलक, म्हणून स्पेस घोस्ट उठसूट झोरॅकला जाळतो आणि पुढच्या दृश्यात झोरॅक पुन्हा जागेवर असतो. मोल्टारच्या शिरस्त्राणामुळे त्याचे ओठ दिसतच नाहीत, म्हणजे त्याच्या तोंडी कुठलंही वाक्य, कितीही लांबीचं घालता येतं. आणि स्पेस घोस्टच्या डोळ्यांत बुबुळंच नाहीत. त्याला राग आला, लाज वाटली की काही कळलंच नाही, हे सगळं फक्त आवाजाने आणि विरामाने सांगायचं.

तो आवाज जॉर्ज लोव यांचा. घोषणा करणाऱ्या निवेदकाचा भरदार आवाज, आणि त्या आवाजात अत्यंत क्षुल्लक, पोरकट, दुखावलेल्या माणसाची वाक्यं. लेखी संवादाबाहेर जाऊन ते बरंच काही स्वतःचंही घालत आणि संकलनात ते ठेवलं जाई. झोरॅक आणि मोल्टार हे दोन्ही आवाज सी. मार्टिन क्रोकर या एकाच माणसाचे. तेच मालिकेचे ॲनिमेटरही होते. दोघा खलनायकांची बाचाबाची ऐकताना हे लक्षात आणून पाहा. कुठेही जाणवत नाही.

शीर्षकसंगीत सॉनी शॅरॉक या जॅझ गिटारवादकाचं. एप्रिलमध्ये मालिका सुरू झाली आणि मे १९९४ मध्ये शॅरॉक गेले. १९९६ साली लेखकांनी त्यांच्या नावाचा एक भाग केला. त्याच्या बऱ्याच मोठ्या हिश्शात विनोद जवळजवळ थांबतो आणि शॅरॉकची गिटार वाजत राहते. मुलांच्या वाहिनीवरच्या विनोदी मालिकेत हे करायला धाडस लागतं, आणि प्रेमही.

मला वाटतं, या मालिकेचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे शांतता. कार्टून म्हणजे धावपळ, आदळआपट, दर दोन सेकंदांना काहीतरी. इथे प्रश्न विचारला जातो आणि कुणी बोलत नाही. पाहुणा इकडेतिकडे बघतो. स्पेस घोस्ट बघत राहतो. झोरॅक बघतो. पुन्हा पाहुणा. अकरा-बारा मिनिटांच्या भागात अशा रिकाम्या जागा सोडणं हे लेखनच आहे, संकलकाच्या टेबलावर केलेलं. याचं टोक म्हणजे १९९९ चा ‘फायर अँट’ हा भाग. पाहुणा कोनन ओब्रायन, तोच १९९३ चा अनोळखी तरुण, आता नामांकित. स्पेस घोस्टला मुंगी चावते. तो मुलाखत सोडून उठतो आणि मुंगीच्या मागोमाग तिच्या घरी निघतो. मग कितीतरी मिनिटं पडद्यावर काय, तर मुंगी चालते आहे आणि तिच्यामागे स्पेस घोस्ट रांगतो आहे. आधी हसू येतं, मग कंटाळा येतो, मग राग, आणि त्या रागाच्या पलीकडे पुन्हा हसू फुटतं. मी तो भाग फार उशिरा पाहिला आणि मध्येच दोनदा वाटलं, व्हिडिओ अडकला की काय.

या खोलीतून लेखकांची एक पिढी बाहेर पडली. डेव्ह विलिस आणि मॅट मायेलारो यांनी स्पेस घोस्टच्या एका भागासाठी एका खाद्यदुकानाची शुभंकर-पात्रं रचली होती: दुधाचा शेक, बटाट्याच्या तळणाचं खोकं आणि मांसाचा गोळा. तो भाग तेव्हा मागे पडला, पात्रांची स्वतंत्र मालिका झाली, ‘ॲक्वा टीन हंगर फोर्स’. ती गुप्तहेरांची गोष्ट म्हणून सुरू झाली, कारण वाहिनीच्या वरिष्ठांना काहीतरी कथानक दाखवायला हवं होतं. थोड्याच भागांत गुप्तहेरी गळून पडली आणि उरले एका भाड्याच्या घरात एकमेकांना छळणारे तिघे. मूळ भाग मग २००३ साली लागला. ॲडम रीड आणि मॅट थॉम्पसन यांनी १९७२ च्या ‘सीलॅब २०२०’ या गंभीर, समुद्रसंशोधनावरच्या कार्टूनवर नवे संवाद चढवून ‘सीलॅब २०२१’ केली. १९६७ च्या कार्टूनमधला महानायक ‘बर्डमॅन’ याला तर एका नव्या मालिकेत वकिलीचा कोट चढला. डिसेंबर २००० मध्ये या मालिकांचे पहिले भाग फारसा गाजावाजा न करता थेट पहाटेच्या वेळी लावून टाकले गेले, जागा असेल त्याने पाहावे.

२ सप्टेंबर २००१ च्या रात्री या सगळ्यांना मिळून घर मिळालं: ‘ॲडल्ट स्विम’, म्हणजे कार्टून नेटवर्कवरचा मोठ्यांसाठीचा रात्रीचा विभाग. नाव पोहण्याच्या तलावावरचं. अमेरिकेत सार्वजनिक तलावांवर ठरावीक वेळी मुलांना बाहेर काढतात आणि फक्त मोठ्यांना पोहू देतात, त्याची ही घोषणा. ‘घोस्ट प्लॅनेट इंडस्ट्रीज’ हे स्पेस घोस्टच्या स्टुडिओचं नाव मागे पडून चमूने ज्या रस्त्यावर कचेरी होती त्याचंच नाव घेतलं, विल्यम्स स्ट्रीट.

स्पेस घोस्टची मालिका २००४ पर्यंत तिथे लागत राहिली, आणि पुढे २००६ ते २००८ या काळात इंटरनेटवरच्या एका सेवेसाठी छोटे भाग झाले. क्रोकर २०१६ साली गेले. त्यांच्याबरोबर झोरॅक आणि मोल्टार हे दोन्ही आवाज एकदमच थांबले. लाझो २०१९ साली निवृत्त झाले. जॉर्ज लोव मार्च २०२५ मध्ये गेले. तेव्हा अनेकांनी तो मुंगीचा भाग पुन्हा लावला असेल. मी लावला होता, आणि या वेळी एकदाही पुढे सरकवला नाही.